आठव्या दगडापर्यंत

जळगाव,
६ जुलै २०२५

तीर्थरूप बाबूजींस,
ओमेश्वरीचा सा. न. वि. वि.

काल आपण फोनवर बारा मिनिटं बोललो. म्हणजे मी बोलले आणि तुम्ही हो, हो म्हणालात. पायाची सूज उतरली का विचारलं, तर हो. धानाची रोवणी कुठवर आली, तर हो. शेवटी मी उद्या चंद्रावर चालले आहे असं सांगून पाहिलं, तर पोहोचल्यावर कळव म्हणालात. दवनीवाड्याच्या टॉवरमध्ये दोष आहे हे तुमचं म्हणणं मी तूर्त मान्य करते. पण मला खरी उत्तरं हवी असतात, म्हणून आजपासून पत्र. शाळेत मराठीच्या बदली तासाला मुलींना पत्रलेखन शिकवते आणि स्वतः वर्षानुवर्षं एक लिहीत नाही, याचीही लाज वाटली.

भाऊरायांचा, म्हणजे खुमेंद्रचा, नागपूरहून फोन आला होता. रायपूरच्या कोणा हॉटेलवाल्याला आपली गाडी हवी आहे. हिरवळीवर उभी करून ठेवणार, इंजिन काढून त्या जागी कुंड्या मांडणार. दुर्गाप्रसाद शेठच्या राइस मिलमध्ये अडतीस वर्षं फोरमन राहून तुम्ही निरोपाच्या दिवशी शाल घेतली नाहीत, घड्याळ घेतलं नाहीत. गोदामात कोंड्याखाली गाडलेली ती सहा सिलेंडरची मोटार तेवढी मागितलीत. तिला जागं करायला तुम्हाला दीड वर्ष लागलं. माझी पाठवणीही तिच्यातूनच झाली. आता ती सत्तरीची, तुम्हीही जवळपास तेवढेच.

पण खुमेंद्र वाईट मनानं बोलत नाही, बाबूजी. गाडी लिटरला पाच किलोमीटर देते आणि पंपावरचा माणूस तुम्हाला पाहून हसतो, हे त्याला सहन होत नाही. दिवाळीपर्यंत लिटरला आठ किलोमीटर दिले तर तो गाडीचं नाव काढणार नाही, नाहीतर गाडी रायपूरला, असं तुमच्यात ठरलं म्हणे. तुम्ही हातावर हात मारून कबूल झालात. माय तेव्हा घरात नव्हती का?

असो. मी तुमच्या बाजूनं आहे. हेमेंद्रना, तुमच्या जावयांना, इंटरनेटवर बसवून यादी काढून घेतली आहे. चाकांत हवा पुरेशी ठेवा. हवेची जाळी धुवा. चोक अडकलेला नाही ना, ब्रेक चाकाला घासत नाहीत ना, ते पाहा. डिकीतलं ओझं काढा. आणि गाडी उभी असताना इंजिन सुरू ठेवून पारावरच्या मंडळींशी गप्पा मारू नका. हे शेवटचं यादीत नव्हतं, ते माझं.

मायला नमस्कार. तुमचा लोभ आहे तो आहे, त्याचा अ‍ॅव्हरेज काढायची वेळ कधी न येवो.

आपली,
ओमेश्वरी


दवनीवाडा,
१९ जुलै २०२५

चि. सौ. ओमेश्वरीस,
हुकुमचंदचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचले. चंद्रावरून परत आली का ते लिही.

टॉवरमध्ये दोषच आहे. श्यामलाल मास्तरलाही नीट ऐकू येत नाही, पण तो ऐंशीचा आहे, त्याची गोष्ट वेगळी.

तुझ्या नवऱ्याला सांग की मी मिलमध्ये होतो तेव्हा इंटरनेट नव्हते आणि भात सडायचे बारा हलर एका पट्ट्यावर चालत होते. तरी यादी वाचली. हवा पाहिली, कमी होती, भरली. जाळी धुतली, तिच्यातून अर्धी पायली कोंडा निघाला. मिल बंद होऊन किती वर्षे झाली, कोंडा अजून निघून राहिला. मागचा उजवा ब्रेक घासत होता, तो सोडवला. चोक ठीक आहे.

डिकीतल्या वजनाबद्दल. तिच्यात मिलच्या काट्याची वीस-वीस किलोची चार लोखंडी वजने आहेत. ती चुकून राहिलेली नाहीत. रिकामी गाडी मागून उडते आणि तुझ्या मायची कंबर धरते, म्हणून मी ठेवली. मी काढू का विचारले, तर ती म्हणाली की कंबर माझी आहे, मला विचारून ठेवली होती का. म्हणून काढली. आता ती अंगणात पडली आहेत आणि तिने त्यातल्या एकावर तुळशीची कुंडी ठेवली.

मीटर केव्हाचाच बंद आहे, म्हणून मी बाटलीने मोजतो. खुमेंद्रला हे जमणार नाही, पण तू समजून घे. तुझ्या देवका मावशीची सलाईनची रिकामी बाटली आणली, ती बॉनेटमध्ये तारेने टांगली आणि नळी सरळ कार्बोरेटरला लावली. टाकी बंद. बाटलीत बरोबर एक लिटर पेट्रोल. दवनीवाड्याच्या फाट्यावरून तिरोड्याच्या रस्त्याने निघायचे आणि किलोमीटरचे दगड मोजत जायचे. गाडी जिथे थांबेल तिथे खरे उत्तर. मग टाकी सुरू करून पुढे.

पहिल्या खेपेला पाचव्या दगडापुढे जेमतेम गेलो. एवढी मेहनत करून तेवढेच. पाच दगडांवर थांबलेली गाडी पाहून धानात वाकलेल्या बायाही उभ्या राहिल्या. एकीने विचारले की काका, काऊन थांबलात, पाणी पाहिजे का. मी सांगितले की गाडीला तहान लागली, मला नाही.

खुमेंद्रला हे आकडे कळवू नको.

तुझा,
बाबूजी


जळगाव,
२ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बाबूजींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं आणि भाजी करपली. तेवढी तुमची आठवण घरभर पसरली.

मला एक आठवतं. मी सातवीत असेन. तुम्ही स्क्रू पिळायच्या लांब पेचकसाचं टोक मिलच्या मोठ्या इंजिनाला टेकवायचात, मूठ कानाला लावायचात आणि डोळे मिटायचात. मग सांगायचात, उद्या संध्याकाळपर्यंत हे बेअरिंग जाईल. आणि ते जायचं. पुढे आपल्या गाडीच्या इंजिनावर तुम्ही मलाही ऐकायला लावलंत. सहा माणसं एका दमात चालली आहेत, त्यातलं कोण लंगडतं सांग, असं विचारलं होतंत. मला सहाही सारखेच वाटायचे. तुम्ही म्हणालात, सवय होईल. मला झाली नाही. मी भूगोल शिकवायला लागले.

आता एक काम करा. प्रत्येक खेपेचं टिपण ठेवा. फक्त आकडा नको. कोणता वार, सकाळ की दुपार, कुठे गेलात, सोबत कोण होतं, रस्ता ओला की कोरडा, सगळं. आम्ही शाळेच्या अंगणात पावसाचं माप असंच घेतो. एका दिवसाचा आकडा काहीच सांगत नाही, महिन्याचे आकडे बोलायला लागतात.

आणि यादीतली राहिलेली एक गोष्ट. तुमच्या गाडीला तीनच गिअर. हेमेंद्र म्हणतात की दुसऱ्यात रेंगाळू नये, गाडीनं वेग धरला की लगेच तिसरा टाकावा. तुम्हाला हे सांगणं म्हणजे मायला भात शिजवायला शिकवणं आहे. तरी लिहिलं, कारण यादी पुरी व्हायला हवी.

पायाला तेल लावता का? हो म्हणू नका, खरं लिहा.

तुमच्या मायेवर अवलंबून असलेली,
ओमेश्वरी


दवनीवाडा,
२५ ऑगस्ट २०२५

चि. सौ. ओमेश्वरीस अनेक आशीर्वाद.

पोळा झाला. पायाला तेल लावत नाही. खरे लिहिले.

टिपण ठेवले. तीन आठवड्यांत नऊ खेपा केल्या. जे दिसले त्याने माझे डोके फिरून गेले, ते तूच पाहा.

मी दर बुधवारी तुझ्या मायला देवकाकडे तिरोड्याला नेतो. देवका अजून अंथरुणातच आहे. तर बुधवारी गाडी साडेसहा दगड देते. तिन्ही बुधवारी साडेसहा, वर-खाली पन्नास पावले. आणि इतर वारी मी एकटा निघालो की पाच. तोच रस्ता, तेच पेट्रोल, तीच बाटली. चाकांच्या हवेत फरक नाही. एकटा असताना तर ओझे कमी, म्हणजे जास्त द्यायला पाहिजे, की नाही?

आधी वाटले बुधवारी आम्ही सकाळी सातला निघतो, हवा थंड असते म्हणून असेल. मग एका शुक्रवारी मी एकटाच सातला निघून पाहिले. पाच. मग वाटले पंपावर मंगळवारी नवे पेट्रोल येत असेल. पंपावरच्या मुन्नालालला विचारले तर तो म्हणाला की काका, तुमच्या गाडीला वार कळत असेल, तर तिचा उपासही धरत जा. पोळ्याच्या दिवशी माय म्हणाली की गोंदियाला बैलांच्या झुली पाहू, म्हणून तिला घेऊन गेलो. बुधवार नव्हता, दुपार होती. सव्वासहा.

आणखी एक. एकटा असलो की स्टिअरिंग हाताखाली थरथरते. ते माझेच हात असतील. वय झाले. ते कोणाला सांगू नको.

अडतीस वर्षांत यंत्राने मला असे कधी फसवले नाही. तुझे आकडे बोलायला लागले असतील तर काय बोलतात ते कळव. मला काही ऐकू आले नाही.

तुझा,
बाबूजी


जळगाव,
३० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप मायला,
ओमेश्वरीचा वाकून नमस्कार.

हे पत्र मावशीच्या पत्त्यावर पाठवलंय. बुधवारी तुझ्या हातात पडेल. घरच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर बाबूजींनी आधी फोडलं असतं, आणि त्यांच्यापासून काही लपवते आहे असं माझं मलाच वाटून मी धड लिहूही शकले नसते. आताही तसंच वाटतं आहे. तरी लिहिते.

बाबूजींनी नऊ खेपांचं टिपण पाठवलं. त्यांना वाटतं की कोडं वारात आहे, पेट्रोलात आहे, थंड हवेत आहे. मी ते टिपण चार वेळा वाचलं. वार बदलतो, वेळ बदलते, रस्ताही एकदा बदलला. साडेसहाच्या आसपासच्या प्रत्येक खेपेत एकच गोष्ट न बदलता आहे. ती तू आहेस.

माय, तू गाडीत काय करतेस?

मी खूप आठवून पाहिलं. गेल्या उन्हाळ्यात मी आले होते तेव्हा तुम्ही मला स्टेशनवर सोडलंत. मी मागे बसले होते. तू पुढच्या सलग सीटवर त्यांच्याकडे जरा सरकून बसली होतीस. मला वाटलं, म्हातारपणी ही जोडी लाजायची थांबली, बरं झालं. त्यापलीकडे मी काही पाहिलं नाही. मागच्या सीटवर बसून फोन पाहत असलेल्या मुलीला काय दिसणार!

आणि फोनवरचं ते हो, हो. टॉवरचा दोष आहे असं ते म्हणतात. तुझ्याशी बोलताना टॉवरला काही होत नाही, हे मला आता आठवतंय.

मी चुकत असेन तर मला रागाव. चुकत नसेन तर खरं लिही. ठरल्याप्रमाणे दिवाळीला मोजमाप आहे. मला सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे येता येणार नाही, म्हणून जीव जास्तच तिकडे लागला आहे.

मावशीला नमस्कार सांग. तिच्या उशाशी बसून उत्तर लिही, म्हणजे तिलाही करमेल.

तुझी,
ओमी


मुक्काम तिरोडा,
१० सप्टेंबर २०२५, बुधवार

चि. ओमीस,
मायचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. देवकानं उशीखाली ठेवलं होतं आणि मले आधी चहा पाजला, मग दिलं. मी चौथीपर्यंतच शिकली, अक्षर सांभाळून घे. तुझे बाबूजी बाहेर गाडीचं बॉनेट उघडून उभे आहेत, म्हणून लिहायले वेळ आहे.

तू विचारलं मी गाडीत काय करते. मी त्यांच्या गुडघ्यावर बोट ठेवते.

तीन वर्षं झाली. आधी ते गिअर आपसूक टाकत. गाडी गुरगुरायची, की हात जायचाच. मग एका दिवशी पाहिलं तर गाडी दुसऱ्यातच बोंबलून राहिली, आणि ते आपले शांतपणे समोर पाहून चालले. मले वाटलं विचारात असतील. दुसऱ्या दिवशीही तेच. मले गाडीतलं काही समजत नाही ओमी, पण चाळीस वर्षं मिलच्या आवाजात राहिली, कोणतं यंत्र रडून राहिलं ते कळते. मी त्यांच्या गुडघ्यावर बोट टेकवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात वर नेला आणि तिसरा टाकला. तेव्हापासून मी टेकवते, ते टाकतात. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. मी गाडीत नसली की गाडी तशीच बोंबलत जात असेल. पेट्रोल तिथंच जाते, तुझ्या बुधवारात नाही.

त्यांना ऐकू येत नाही. मिलनं त्यांचे कान नेले. माझं ऐकतात असं तुले वाटते, पण ते माझ्या तोंडाकडे पाहतात. म्हणून मी भाकरी करतानाही त्यांच्याकडे तोंड करून बोलते.

एक गोष्ट कोणाले सांगितली नाही. उन्हाळ्यात त्यांनी तो लांब पेचकस काढला आणि गाडीच्या इंजिनाले टेकवून या कानाले लावला. मग त्या कानाले. मग परत या. मी विहिरीपाशी होती. त्यांनी पेचकस फडक्यानं पुसला. पुसतच राहिले, पुसतच राहिले. मग गुंडाळून पेटीत तळाशी ठेवला. त्या दिवशी जेवले नाहीत. मी कायले विचारू? ज्या माणसाले पुरा मुलूख इंजिन ऐकवायले बोलवायचा, त्याले मी काय विचारू?

आता मले भेव वाटते. ट्रक मागून हॉर्न देतात ते त्यांना कळत नाही, मी सांगते. एकटे जातात तेव्हा मी दारात उभी राहते. कधी वाटते, रायपूरवाल्यानं नेली तर बरं. आणि मग वाटते, गाडी गेली तर ते त्या दिवसासारखे पुसत बसतील, आणि हातात पुसायले काही नसेल.

तू शिकलेली आहे. काय करायचं ते तू ठरव, पण त्यांना खाली पाहायले लागू देऊ नको.

आले ते. थांबते.

तुझी,
माय


जळगाव,
२० सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाबूजींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे. युक्ती करून काही सुचवावं असं आधी वाटलं. पण यंत्राशी लबाडी करू नये असं तुम्हीच शिकवलंत, आणि तुम्ही तर माझे वडील.

आधी माझं ऐका. गेल्या वर्षी मला जवळचं दिसेनासं झालं. चष्मा लागला हे मला कबूल करायचं नव्हतं. का, ते मलाही सांगता येत नाही. कदाचित शाळेत सगळे मला तरुण बाई म्हणतात, ते जाईल असं वाटलं असेल. हजेरीचा कागद डोळ्यांसमोर धरायचा आणि नावं पाठावरून म्हणायची, असं मी सुरू केलं. एकोणचाळीस नावं बिनचूक. अकराव्या दिवशी शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली की बाई, माझं नाव येत नाही. रुचिका नाव तिचं. नवीन आली होती. अकरा दिवस ती रोज येत होती, आणि मी तिला एकदाही हाक मारली नव्हती. मी त्या संध्याकाळी चष्मा केला. ही गोष्ट हेमेंद्रनाही माहीत नाही.

बाबूजी, गाडी बुधवारी जास्त देते याचं कारण वार नाही. माय सोबत असली की तिसरा गिअर वेळेवर पडतो. तुम्ही एकटे असलात की पडत नाही, कारण गाडी मागते ते तुम्हाला ऐकू येत नाही. हे तुम्हाला माहीत आहे. मायला माहीत आहे. आता मलाही माहीत झालं. मायवर रागावू नका, मी विचारलं म्हणून तिनं सांगितलं.

गोंदियात कानाचे डॉक्टर आहेत. कानामागे बसतं असं छोटं मशीन देतात. मला आठ किलोमीटर नकोत. गाडी रायपूरला गेली तर मी रडेन, पण चालेल. मागून येणारा ट्रक तुम्हाला ऐकू यायला हवा, एवढंच हवं आहे. आणि मी चंद्रावर चालले म्हटलं तर वेड लागलं का म्हणून मला रागावायला हवं आहे.

तुम्ही या पत्राचं उत्तर दिलं नाहीत तरी मी लिहीत राहीन.

तुमच्या धाकात राहू इच्छिणारी,
ओमेश्वरी


दवनीवाडा,
६ ऑक्टोबर २०२५

चि. ओमीस आशीर्वाद.

हे कार्ड घाईत. तुझं पत्र त्यांनी वाचलं. रागावले असते तर बरं होतं, रागावलेही नाहीत. गाडीवर ताडपत्री टाकली. आठ दिवस ती तशीच. बुधवारी मी बसनं देवकाकडे गेली.

आज सकाळी पांढरा सदरा घालून एकटेच फाट्यावर गेले आणि गोंदियाच्या बसमध्ये बसले. कुठं ते सांगितलं नाही. तुझं पत्र खिशात होतं. परत आले की लिहीन. देवाजवळ दिवा लावला आहे, तूही लाव.

माय


दवनीवाडा,
२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. ओमेश्वरीस,
हुकुमचंदचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आले तेव्हा मला राग आला होता. तो तुझा नव्हता. आठ दिवस तो कोणाचा आहे ते शोधले, तेव्हा माझ्याच घरी सापडला. मग गोंदियाला गेलो.

डॉक्टर मुलगीच आहे, तुझ्याहून लहान. तिने काचेच्या खोलीत बसवून कानात शिट्या वाजवल्या आणि म्हणाली की काका, बारीक आवाज तर कधीचेच गेले आहेत, इतकी वर्षे कसे चालवले. मी म्हणालो की बायकोच्या भरवशावर. ती हसली. तिला वाटले मी गंमत केली.

मशीन बसवले. पहिले चार दिवस फार वाईट गेले. ताटल्यांचा आवाज डोक्यात शिरायचा. चिमण्या एवढ्या बडबडतात हे मी विसरून गेलो होतो. पाचव्या दिवशी ताडपत्री काढली, गाडी सुरू केली आणि बाजूला उभा राहिलो.

ओमी, एक सिलेंडर लंगडत होता. पेचकसही लागला नाही. चौथा. दोन दमांत एकदा चुकायचा, जोर दिला की जास्तच. पाहिले तर त्याच्या प्लगच्या वायरला चीर, करंट बाहेरच्या बाहेर पळून राहिला. किती महिन्यांपासून देव जाणे. सहांचे पेट्रोल पाजून मी पाचांवर गाडी हाकत होतो. स्टिअरिंग थरथरायचे ते त्यामुळे. माझे हात नव्हते. तुझी ती रुचिका रोज हजर होती आणि तू नाव घेत नव्हतीस. माझा चौथा गैरहजर होता आणि मी रोज त्याची हजेरी लावत होतो. बाप-लेक सारखेच.

नवी वायर टाकली, टायमिंग कानाने लावला. तीन वर्षांनी कानाने लावला. मग एकटाच बाटली घेऊन निघालो. आठव्या दगडाच्या पुढे गाडी चारशे मीटर गेली. मी उतरून मागे चालत आलो आणि त्या दगडावर बसलो. मागून ट्रक आला तो मला वळणाच्या आधीच ऐकू आला. हे मायला सांग. म्हणजे मी सांगितले, पण तूही सांग.

आता दिवाळीचे. खुमेंद्र आला. त्याने बाटली स्वतः भरली, बोटाने रेघ दाखवली. तो मागे बसला, तुझी माय पुढे, माझ्या बाजूला. फाट्यावरून निघालो. त्याला मशीनचे सांगितले होते, आणि एकट्याने आठच्या वर काढले तेही सांगितले होते, म्हणून तो निश्चिंत होता. रायपूरवाल्याला नकार कळवायचा, हे त्याने मनाशी ठरवूनच टाकले होते.

गाडी आठव्या दगडाच्या दोनशे मीटर अलीकडे थांबली.

खुमेंद्रचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो म्हणाला की बाबूजी, बाटली भरताना माझाच हात हलला असेल, आठ धरू. मी म्हणालो की धरू म्हणजे काय, मोजले ते मोजले, फोरमन आकडा धरत नसतो. तो दार उघडून खाली उतरला, नवे कपडे होते तरी मागे जाऊन डिकीला हात लावला आणि गाडी ढकलायला लागला. मी आरशातून ओरडलो की धक्क्याचे मोजत नाहीत. तो ओरडून म्हणाला की आठ किलोमीटर ठरले होते, कोणाच्या जोराने ते ठरले नव्हते. आणि तुझी माय हसून हसून पदर तोंडाला लावून राहिली. दगडापाशी आणून त्याने गाडी थांबवली, दगडाला हात लावला आणि रायपूरला तिथूनच फोन करून नाही म्हणून सांगितले.

तो माझ्या खिडकीशी आला तेव्हा घामाघूम होता. म्हणाला की मागच्या सीटवरून सगळे दिसते, बाबूजी. एवढेच म्हणाला.

त्याला काय दिसले ते तुला सांगतो, कारण तू विचारल्याशिवाय राहणार नाहीस. गाडी तिसरा मागते तो क्षण आता मला स्वच्छ ऐकू येतो. हात उचलायचा अवकाश. पण तुझी माय अजून बोट टेकवते. तिला कोणी सांगितले नाही की आता गरज नाही. मी आपसूक गिअर टाकला असता तर तिने बोट उचलले असते, आणि परत ठेवले नसते. तिला तुझ्यापेक्षा मी जास्त ओळखतो. म्हणून इंजिन हाक मारते तरी मी थांबतो. ती ऐकते, ठरवते, मग बोट येते, मग मी टाकतो. त्यात दर वेळी थोडे पेट्रोल जाते. तेच ते दोनशे मीटर, आणि एकट्याच्या खेपेतले वरचे चारशेही.

हे पत्र तिच्यासमोर वाचू नको. तिला कळले तर ती म्हणेल, पेट्रोल काऊन वाया घालवता.

पायाला तेल लावायला सुरुवात केली आहे. खरे लिहिले. फोन कर, टॉवर दुरुस्त झाला. पण पत्रही लिहीत जा.

तुझा,
बाबूजी